कडेवरची बैठक आणि बेबी कॅरियरची निवड

मूल अंगाशी बांधून नेण्यासाठी मिळणारे बेबी कॅरियर शहरी कुटुंबांना नवे वाटत असले, तरी धुळे जिल्ह्याला ही पद्धत मुळीच नवी नाही. शिरपूर आणि साक्री तालुक्यांतील आदिवासी माता सुती कापडाची झोळी खांद्यावरून बांधून लेकराला कडेवर किंवा पाठीवर घेत शेताला आणि बाजाराला जात आल्या आहेत. कडेवरच्या मुलाकडे नीट पाहिले, तर त्याच्या मांड्या आईच्या कमरेला दोन्ही बाजूंनी बिलगलेल्या असतात, गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर राहतात, पाठ हलकीशी गोलसर असते आणि तोंड उघडे, आईच्या नजरेखाली असते. कॅरियर निवडताना किंमत आणि कंपनी यांच्या आधी ही ठेवण त्यात साधते की नाही हे पाहावे.

या ठेवणीला शरीररचनेचा आधार आहे. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातील उखळीसारख्या खोबणीत बसतो. नवजात बाळाची ही खोबण उथळ आणि बरीचशी कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ व लवचीक ऊतीची, असते आणि गोळा तिच्या मध्यभागी टेकून राहिला तरच ती नीट घडत जाते. पाय ताठ करून, एकमेकांना चिकटवून दीर्घकाळ बांधले, तर गोळा खोबणीच्या कडेकडे सरकतो आणि सांधा सैल राहण्याचा किंवा निखळण्याचा संभव वाढतो. जपानमध्ये 1970च्या दशकात बाळाचे पाय ताठ गुंडाळू नयेत अशी मोहीम हाती घेतल्यानंतर तेथे या दोषाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. दुपट्यात पाय सरळ ओढून गच्च बांधण्याची आपल्याकडील सवयही याच कारणाने सोडणे हिताचे आहे. अरुंद कॅरियरमुळे निरोगी खुबा बिघडतोच असे सिद्ध झालेले नसले, तरी पायाळू जन्मलेल्या किंवा कुटुंबात हा दोष असलेल्या मुलाच्या बाबतीत धोका पत्करण्याचे कारण नाही. म्हणून दुकानात मूल प्रत्यक्ष बसवून पाहावे: मांड्यांच्या मधून जेमतेम चार बोटे रुंद पट्टी जात असेल, सगळा भार जांघेवर येत असेल आणि पाय खाली लोंबत असतील, तर ते कॅरियर बाजूला ठेवावे, एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागेपर्यंत कापडाचा आधार पोहोचत असेल, तर ती बैठक योग्य समजावी.

खुब्याचा प्रश्न महिन्यांचा असतो, श्वासाचा मात्र मिनिटांचा. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड, मान दुबळी आणि श्वासनलिका मऊ व अरुंद असते, त्यामुळे हनुवटी छातीवर टेकली की श्वासमार्ग दुमडतो, आणि अशा वेळी बाळ रडत नाही, धडपडत नाही, केवळ शांत होत जाते. ही शांतता झोपेची समजली जाते हेच यातले भयंकर आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च 2010 मध्ये खांद्यावरच्या झोळ्यांबाबत इशारा दिला, तेव्हा आधीच्या 20 वर्षांतील अशा किमान 14 मृत्यूंची तपासणी चालू होती आणि त्यांतील 12 बाळे चार महिन्यांहून लहान होती. म्हणून बाळ उभे, छातीशी घट्ट असावे, हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये आईची दोन बोटे सहज मावावीत, मान किंचित झुकवताच बाळाच्या कपाळाचा मुका घेता यावा, आणि नाकातोंडावर पदर किंवा ओढणी कधीही येऊ नये. मान सावरण्याआधी बाळाचे तोंड बाहेरच्या दिशेला करून बांधू नये.

कापूस वेचणीच्या दिवसांत बांधाजवळच्या झाडाला टांगलेल्या झोळीचा विचार येथे वेगळा करावा लागतो, कारण अंगावरच्या झोळीत आईचा श्वास आणि नजर जवळ असते, टांगलेल्या झोळीत ती नसते. मजूर आईपुढे दुसरा पर्याय क्वचितच असतो, हे लक्षात घेता दोष तिला देता येत नाही. परंतु अगदी लहान बाळ त्यात मुटकुळे होऊन झोपले असेल, तर घरातील कोणीतरी जवळ बसून त्याचे तोंड सतत दिसत राहील याची काळजी घेतलीच पाहिजे.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळासाठी बाजारातील कॅरियर नव्हे, तर ‘कांगारू मातृ संगोपन’ योग्य ठरते, ज्यात बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून उभे बांधले जाते. कोलंबियातील बोगोटा येथे 1970च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा सर्व बाळांसाठी दिवसाला 8 ते 24 तास सुचवली असून, ती रुग्णालयातील परिचारिकेकडून शिकून घ्यावी. आईच्या बाजूने पाहता, पोटावर टाके असताना कमरेचा पट्टा त्यांवर दाबू नये, आणि भार दोन्ही खांद्यांवर व कमरेवर विभागणाऱ्या रुंद पट्ट्या पसंत कराव्यात.

मे महिन्यात धुळ्याचे तापमान 40 अंशांपलीकडे जाते आणि दोन शरीरे एकमेकांना तापवतात. तेव्हा कॅरियर हा बाळाच्या कपड्यांचा एक थर धरून आत पातळ सुती झबले पुरेसे मानावे, भर दुपारी बाहेर पडणे टाळावे, मानेमागे हात लावून घाम व उष्णता तपासत राहावी आणि बाळाला वरचेवर अंगावर पाजावे. चुलीपाशी किंवा गॅसपाशी काम करताना बाळ अंगावर बांधू नये. दुचाकीच्या प्रवासात साधे कॅरियर हे सुरक्षा साधन ठरत नाही. चार वर्षांखालील मुलांसाठी चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा हे केंद्रीय नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहेत. नऊ महिन्यांहून लहान बाळाला घेऊन गावाला जायचे असेल, तर एसटी पत्करावी आणि कॅरियर उतरल्यानंतरच्या पायी वाटेसाठी ठेवावे.