ओल असते, मुळं पोचत नाहीत

4 सप्टेंबर 2011 रोजी टेक्सासमधल्या बॅस्ट्रॉपजवळ वणवा पेटला आणि सुमारे 34 हजार एकर रान जळून गेलं. तिथल्या स्टेट पार्कचा 96 टक्के भाग होरपळला. त्याआधीचे बारा महिने राज्याच्या नोंदीतले सर्वांत कोरडे होते. एकट्या दुष्काळानं जंगलांतली 30 कोटींहून अधिक झाडं मेली, असा राज्याच्या वनसेवेचा अंदाज आहे.

जळालेल्या रानाला ‘लॉस्ट पाइन्स’ म्हणतात. लॉबलॉली पाइनचा हा पट्टा पूर्व टेक्सासच्या सलग पाइनवनापासून दीडेकशे किलोमीटर पश्चिमेला, कमी पावसाच्या प्रदेशात तुटून राहिला आहे. इथली झाडं पिढ्यान्‌पिढ्या कोरडेपणा सोसत आली. म्हणून फेरलागवडीसाठी याच रानाच्या बियाण्याची रोपं हवीत, असा वनखात्याचा आग्रह होता, आणि तो रास्तच होता. पण काटक वाणाचं रोपही चुकीच्या हाताळणीनं मरतं. पुढच्या हिवाळ्यांत ऑस्टिनहून लागवडीला जाणाऱ्या मंडळींबरोबर राबताना हे मी जवळून पाहिलं.

एका जमिनीवर रोपांची पोती दुपारभर उघड्या पिकअपमध्ये उन्हात राहिली. रोपं टवटवीत दिसत होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. ती लावलीही गेली. पाइनचं हे फसवं लक्षण नवख्या माणसानं ध्यानात ठेवायला हवं: मुळं मेल्यावरही सुया कित्येक आठवडे हिरव्या राहतात. रोप जिवंत आहे का हे पाहायचं असेल, तर बुंध्याची साल नखानं हलकेच खरवडावी. आत ओलसर, हिरवट-पांढरं दिसलं तर जीव आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर आशा सोडावी.

नव्यानं लावलेलं रोप बहुधा भोवतीच्या मातीत ओल असतानाच तहानेनं मरतं. रोपवाटिकेतून निघताना त्याची बारीक मुळं तुटतात, किंवा डब्यातल्या मातीच्या गड्ड्यात अडकून असतात. नव्या जमिनीशी त्यांचा संपर्क जेमतेम असतो. पाणी कमी पडू लागताच पाइन पर्णरंध्रं मिटतं. त्यानं पाणी वाचतं खरं, पण हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येईनासा होतो आणि अन्न तयार होणं थांबतं. नवी मुळं फुटायला मुख्यतः हेच ताजं अन्न लागतं. म्हणजे तहान लागली की मुळं वाढत नाहीत, आणि मुळं वाढत नाहीत म्हणून तहान भागत नाही. ही साखळी पहिल्या काही आठवड्यांत तुटली तर रोप लागतं. लागवडीची बाकी सगळी खटपट या एका गोष्टीसाठी असते.

म्हणून उंच रोपाचा मोह नको. उंच शेंडा जास्त पाणी उडवतो आणि तेवढं पुरवायला खाली मुळं नसतात. बुंधा जाड, शेंडा बेताचा आणि मुळं दाट असलेलं रोप निवडावं. अमेरिकी वनशास्त्रज्ञ फिलिप वेकली यांनी दक्षिणेकडील पाइनच्या लागवडीवर 1954 साली लिहिलेल्या ग्रंथात रोपांची प्रतवारी दिली, पण बाहेरून सारखी दिसणारी रोपं आतून सारखी नसतात, हेही त्यांनी बजावलं. रोपवाटिकेत शेवटच्या काळात पाणी बेतानं देऊन काटक केलेलं रोप लाडावलेल्या रोपापेक्षा भरवशाचं.

आपल्याकडे लागवड म्हणजे जून-जुलै. बॅस्ट्रॉपमध्ये ती डिसेंबर ते फेब्रुवारीत करतात, कारण तेव्हा शेंडा झोपलेला असतो, जमिनीत ओल असते आणि ऊन सौम्य असतं. रोपांची पोती सावलीत, मुळं ओल्या गोणपाटाखाली आणि हातात एका वेळी एकच रोप, एवढी शिस्त पाळावीच लागते. पहारीनं खाच पुरेशी खोल पाडावी. खाच उथळ राहिली तर मूळ वर वळतं आणि ते वळण पुढे कायम राहतं. रेताड जमिनीत लॉबलॉलीचं रोप रोपवाटिकेतल्यापेक्षा थोडं खोल लावलेलं फायद्याचं ठरतं. पाणी साचणाऱ्या चिकण जमिनीत मात्र तसं करू नये. लाँगलीफ पाइनला तर हा नियम अजिबात लागू नाही, त्याचा कोंब मातीत गेला की रोप गुदमरतं. शेवटी टाचेनं माती घट्ट दाबावी, मुळाशी हवेची पोकळी राहता कामा नये.

खत त्या वेळी देऊ नये. त्यापेक्षा भोवतालचं गवत काढावं. पहिल्या उन्हाळ्यात रोपाच्या तोंडचं पाणी पळवणारा सर्वांत मोठा चोर तेच असतं, आणि या कामाकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होतं. घराजवळची मोजकी रोपं असतील तर रोज शिंपडण्याऐवजी अधूनमधून, पण खोलवर मुरेल असं पाणी द्यावं.

मेलेल्या रोपांचा हिशेब उन्हाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास करावा. त्याआधीची हिरवी सुई पुरावा मानू नये. मग नांग्या भरायला लागणारी रोपं लगेच सांगून ठेवावी, कारण त्या भागातल्या बियाण्याची रोपं मागणी नोंदवल्याशिवाय हिवाळ्यात हाती येतीलच असं नाही.