पाषाणांतील महासरट

नदीच्या दरडींत किंवा डोंगराच्या कड्यावर एकावर एक रचलेले दगडांचे थर पुष्कळांनीं पाहिले असतील. सामान्य मनुष्यास ते निर्जीव दगड वाटतात. भूगर्भशास्त्रज्ञास मात्र तीं एका पुरातन ग्रंथाचीं पानें वाटतात. या ग्रंथांत ज्या अद्भुत प्राण्यांचीं चरित्रें लिहिलेलीं आहेत, त्यांपैकीं कांहींची ओळख आमच्या विद्यार्थिबंधूंस व भगिनींस करून द्यावी, असा या लेखाचा हेतु आहे. परंतु तसें करतांना आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. हा ग्रंथ वाचतांना थोरथोर पंडितही चुकले; आणि ज्यांनीं आपली चूक मोकळ्या मनानें सुधारली, त्यांच्यामुळेंच ही विद्या वाढली.

प्रथम हाडांचा दगड कसा होतो तें पाहूं. प्राणी मेला म्हणजे बहुधा त्याचें मांस कुजतें व हाडें उन्हापावसानें झिजून नाहींशीं होतात. परंतु क्वचित् प्रसंगीं प्रेत नदीच्या अथवा समुद्राच्या तळाशीं गाळांत पुरलें जातें. त्यावर गाळाचे थर बसत जातात, पाण्यांत विरघळलेलीं खनिज द्रव्यें हाडांच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, आणि दीर्घ काळानें हाडाचा आकार तसाच राहून तें दगडासारखें होतें. यास जीवाश्म म्हणतात. पुढें कधीं तरी जमीन वर उचलली जाते, वारा व पाऊस वरचे थर झिजवितात, आणि कोट्यवधि वर्षें पुरलेलें तें हाड सूर्यप्रकाश पाहतें. मात्र सबंध सांगाडा क्वचितच मिळतो. एखादा दांत, दोनचार मणके, मांडीच्या हाडाचा तुकडा, एवढ्यावरूनच सर्व प्राणी ओळखावयाचा असतो. फाटक्या पोथीच्या चार पानांवरून सारी कथा सांगण्यासारखें हें काम आहे. मग चुका झाल्या तर नवल काय?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नांवाचें एक गांव आहे. तेथें रिचर्ड ॲनिंग म्हणून एक सुतार राहत असे. कड्यांतून निघणारे जीवाश्म वेचून तो प्रवाशांस विकी व सुतारकामाच्या तुटपुंज्या मिळकतींत भर घाली. सन १८१० मध्यें तो वारला, तेव्हां घरांत दारिद्र्य होतें आणि डोक्यावर कर्ज होतें. त्याची मुलगी मेरी त्या वेळीं अवघी अकरा वर्षांची होती. बापाचाच व्यवसाय भावंडांनीं पुढें चालविला. १८११ सालीं मेरीचा भाऊ जोसेफ यास एक लांबलचक कवटी दिसली. आणि पुढच्या वर्षीं मेरीनें त्या प्राण्याचें उरलेलें शरीर शोधून काढलें. तो इक्थिओसॉर, म्हणजे मत्स्यसरट होता. त्याचा आकार माशासारखा, पण तो मासा नव्हे. हवेंत श्वास घेणारा व समुद्रांत पोहणारा तो एक सरपटणाऱ्या वर्गांतील प्राणी होता.

१८२३ सालीं मेरीस याहूनही विलक्षण प्राणी सांपडला. त्याचें डोकें लहान, अंग रुंद, पायांच्या जागीं चार वल्हीं, आणि मान तर इतकी लांब कीं पाहणाऱ्याचा विश्वास बसूं नये! हा प्लेसिओसॉर होय. पॅरिसचे क्यूव्हिए हे त्या काळचे प्राणिशरीरशास्त्राचे सर्वश्रेष्ठ पंडित. एवढी लांब मान असूंच शकत नाहीं, दोन निराळ्या प्राण्यांचीं हाडें एकत्र जुळविलीं असावींत, असा संशय त्यांनीं घेतला. एका गरीब मुलीच्या प्रामाणिकपणावरच हा आघात होता. आणि तो खरा ठरता तर तिचा चरितार्थही बुडता. परंतु पूर्ण परीक्षा झाल्यावर सांगाडा अस्सल ठरला, आणि क्यूव्हिए यांनीं आपला संशय मागें घेतला. १८२४ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्रसंस्थेंत या प्राण्याचें वर्णन वाचण्यांत आलें. मात्र तो ज्या मुलीनें शोधला, तिच्या नांवाचा उच्चारही त्या सभेंत झाला नाहीं. त्या काळीं या संस्थेचें दार स्त्रियांस बंद होतें. तरीही मेरीनें काम सोडलें नाहीं. १८३३ सालीं कडा कोसळून तिचा लाडका कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत दडपला गेला, तरी ती पुन्हां त्याच किनाऱ्यावर हातोडा घेऊन उभी राहिली. आज तिचें नांव या शास्त्राच्या इतिहासांत आदरानें घेतलें जातें.

आतां जमिनीवरच्या प्राण्यांकडे वळूं. इंग्लंडांतच लुईस गांवीं गिडियन मँटेल नांवाचे एक डॉक्टर होते. रोग्यांस पाहून उरलेला वेळ ते जीवाश्म गोळा करण्यांत घालवीत. त्यांस कांहीं मोठे, झिजलेले दांत मिळाले. झीज पाहतां ते वनस्पति चघळणाऱ्या प्राण्याचे असावेत हें उघड होतें. परंतु चघळून खाणारा सरपटणारा प्राणी तोंवर कोणीं पाहिला नव्हता. क्यूव्हिए यांच्याकडे दांत गेले, तेव्हां त्यांनीं प्रथम ते गेंड्याचे असें सांगितलें. मँटेल यांचें समाधान झालें नाहीं. लंडनच्या एका संग्रहालयांत त्यांस अमेरिकेंतील इगुआना नांवाच्या सरड्याचे दांत दाखविण्यांत आले. आणि काय आश्चर्य! आकार तोच, फक्त हे दांत कितीतरी पटींनीं मोठे! १८२५ सालीं त्यांनीं या प्राण्यास इगुआनोडॉन, म्हणजे इगुआनाच्या दांतांचा, असें नांव दिलें. क्यूव्हिए यांनींही आपली चूक छापून कबूल केली. युरोपभर ज्यांचा शब्द प्रमाण मानला जाई, त्या पुरुषानें एका खेड्यांतील डॉक्टरापुढें ‘मी चुकलों’ असें म्हणावें, यांत त्याची थोरवी कमी झाली नाहीं, उलट वाढलीच.

परंतु मँटेल यांचेंही एक अनुमान फसलें. हाडांबरोबर त्यांस एक अणकुचीदार सुळका मिळाला होता. गेंड्याप्रमाणें तें नाकावरचें शिंग असावें असें त्यांस वाटलें. १८५४ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानांत या प्राण्याचे भव्य पुतळे उभारले गेले, तेव्हां त्यांच्याही नाकावर तें शिंग बसविण्यांत आलें. पुढें १८७८ सालीं बेल्जममध्यें बेर्निसार गांवच्या कोळशाच्या खाणींत, ३०० मीटरहून अधिक खोलीवर, इगुआनोडॉनचे तीसांहून अधिक सांगाडे सांपडले. लुई दोलो या शास्त्रज्ञानें त्यांचा अभ्यास केला, आणि तें शिंग नाकावरचें नसून हाताच्या आंगठ्याचें होतें हें सिद्ध झालें! ते जुने पुतळे मात्र नाकावर शिंग मिरवीत आजही त्या उद्यानांत उभे आहेत.

या प्रचंड प्राण्यांस डायनोसॉर हें कुलनाम रिचर्ड ओवेन यांनीं १८४२ सालीं दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ भयंकर सरडा असा होतो. आपण त्यांस महासरट म्हणूं. सरड्याचे पाय अंगाच्या दोन्ही बाजूंस फांकलेले असतात, तर डायनोसॉरचे पाय खांबांसारखे थेट शरीराखालीं असत. ही खूण लक्षांत ठेवावी. समुद्रांतील इक्थिओसॉर व प्लेसिओसॉर, तसेच आकाशांत उडणारे टेरोसॉर, हे त्यांचे समकालीन खरे. पण ते डायनोसॉर नव्हत. टेक्ससमध्यें सांपडलेला क्वेट्झलकोॲट्लस हा टेरोसॉर पंख पसरी तेव्हां या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सुमारें १० मीटर भरे.

अमेरिकेंत सांपडलेल्या डायनोसॉरांपैकीं दोघांची ओळख येथें पुरे. मोंटाना प्रांतांत १९०२ सालीं बार्नम ब्राउन यांस ज्याचीं हाडें मिळालीं, तो टिरॅनोसॉरस रेक्स, म्हणजे जुलमी सरटांचा राजा. लांबी सुमारें १२ मीटर, जबडा हाड फोडणारा, आणि पुढचे हात मात्र हास्यास्पद वाटावे इतके आंखूड. त्याच्याच काळांत वावरणारा ट्रायसेराटॉप्स हा त्रिशृंगी, वनस्पत्याहारी प्राणी. त्याचीं शिंगें १८८७ सालीं प्रथम मार्श या पंडितांच्या हातीं आलीं, तेव्हां तीं एखाद्या प्रचंड रानरेड्याचीं आहेत असें समजून त्यांनीं तसें नांवही देऊन टाकलें. दोन वर्षांनीं पूर्ण कवटी मिळाली, आणि त्यांनीं नवें नांव दिलें.

त्यांचेच प्रतिस्पर्धी कोप यांची गोष्ट मात्र निराळी आहे. कॅन्ससमध्यें मिळालेल्या इलॅस्मोसॉरस या लांब मानेच्या समुद्रसरटाचा सांगाडा जुळवितांना त्यांनीं डोकें चुकून शेंपटीच्या टोंकास बसविलें! लाइडी या वडील शास्त्रज्ञांनीं ही चूक दाखविली, तेव्हां कोप यांनीं आपल्या छापील निबंधाच्या प्रती परत मिळवून ती झांकण्याचा प्रयत्न केला. कोप मोठे विद्वान होते. त्यांनीं शेंकडों प्राण्यांचीं वर्णनें केलीं. पण आज सामान्य वाचकांस त्यांची आठवण होते ती बहुधा त्या लपविलेल्या चुकीमुळेंच. चूक उघड केल्यानें जेवढी लाज वाटते, त्याहून अधिक ती लपविल्यानें पदरीं येते.

आतां आपल्या देशाकडे येऊं. ठगांचा बीमोड करणारे म्हणून प्रसिद्ध असलेले कॅप्टन स्लीमन यांस १८२८ सालीं जबलपुराजवळ कांहीं दगडी हाडें मिळालीं. १८७७ सालीं लिडेकर यांनीं तेथील मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस या हिंदी महासरटाचें वर्णन केलें. नागपुरास शाळा चालविणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांसही भूस्तरांच्या अभ्यासाचा मोठा छंद होता. चांदा जिल्ह्यांत, म्हणजे हल्लींच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, वरोऱ्याजवळ पिजदुरा नांवाचें खेडें आहे. तेथून त्यांनीं महासरटांचीं हाडें जमविलीं. १८६३ सालीं पुराच्या पाण्यांत बुडून त्यांचा अंत झाला.

या पिजदुऱ्याचें नांव पुढें जगभर झालें, तें एका हसूं येण्याजोग्या वस्तूमुळें. तेथें हाडांबरोबर दगड झालेलें शेणही सांपडतें. गवत हें डायनोसॉर नष्ट झाल्यावर पृथ्वीवर पसरलें, असें शास्त्रज्ञ पुष्कळ काळ मानीत. परंतु २००५ सालीं भारतीय व परदेशी संशोधकांनीं त्या शेणांत निरनिराळ्या गवतांचे अतिसूक्ष्म सिकताकण दाखवून दिले. डायनोसॉरांच्या काळींही गवत होतें, आणि तें कोणी तरी खातही होतें! ज्या वस्तूस आपण पायानें बाजूस सारूं, तिनें सर्व जगाच्या पाठ्यपुस्तकांस दुरुस्ती सुचविली.

गडचिरोली जिल्ह्यांत सिरोंचा तालुक्यांत पोचमपल्ली गांवाजवळ तर याहून प्राचीन, जुरासिक युगाच्या पूर्वार्धांतील, महासरटाचीं सुमारें ३०० हाडें निघालीं. मांडीचें एक एक हाड जवळजवळ पुरुषभर उंचीचें! हें उत्खनन रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीच्या, म्हणजे १९६१ च्या सुमारास झालें; म्हणून १९७५ सालीं त्यास बारापासॉरस टागोरी असें नांव दिलें गेलें. बंगालींत ‘बारा पा’ म्हणजे मोठा पाय. त्याचा सांगाडा कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्यें उभा आहे. त्या उत्खननांत तीन दांत मिळाले, पण कवटी मिळाली नाहीं. या ग्रंथाचें एक पान अद्याप गहाळ आहे.

सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं हे महासरट नष्ट झाले. एक प्रचंड अशनि हल्लींच्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळला, हें त्याचें मुख्य कारण मानतात. त्याच काळाच्या सुमारास आपल्या दख्खनेंत ज्वालामुखींचा रस थरांवर थर पसरत होता; ज्या काळ्या दगडांत सह्याद्रीचे किल्ले उभे आहेत, तो त्याच रसाचा. तथापि महासरटांचा वंश अगदींच बुडाला नाहीं. १९९६ सालापासून चीनमध्यें पिसांचे ठसे असलेले डायनोसॉर मिळूं लागले, आणि पक्षी हे त्यांचेच वंशज होत, या मतास बळकटी आली. अंगणांत दाणे टिपणारी चिमणी ही त्या भयंकर कुळाची लेक आहे!

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणाच्या गांवीं नदीच्या दरडींत असा चमत्कारिक दगड दिसला, तर तो फोडूं नका किंवा उपटूं नका. जागा नीट लक्षांत ठेवा व शिक्षकांस सांगा. कारण हाड ज्या थरांत पडलें असेल, तो थरच त्याचें वय सांगतो. आणि पुढच्या वेळीं वहींत गुरुजींनीं तांबड्या शाईनें चूक दाखविली, म्हणजे तें पान फाडून टाकूं नका. पॅरिसच्या क्यूव्हिए यांचें स्मरण करा, आणि त्या चुकीखालीं स्वच्छ अक्षरांत बरोबर उत्तर लिहा. दगडांतील हा ग्रंथ आजवर अशाच रीतीनें वाचला गेला, व यापुढेंही तसाच वाचला जाईल.