सोया-तिळाचे चिकन गोळे: एअर फ्रायरमध्ये, ज्वारीच्या उकडीसह

परभणीहून जिंतूरकडे जाताना लागणाऱ्या झरीत टर्कीचा खिमा मागितला, तर चिकनवाला आधी गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघेल. त्यानं काही अडत नाही, हे गोळे कोंबडीच्या खिम्याचे करू. टर्की काय नि कोंबडी काय, दोन्हींच्या मांसात चरबी कमी. त्यामुळे अडचणही एकच: तेलाविना भाजलं की कोरडं पडतं. अमेरिकेत राहणाऱ्या लेकी-सुनांना टर्कीचा खिमा पाकिटात तयार मिळतो. त्यांनी तो घेऊन हीच कृती करावी.

चव ओळखीचीच आहे. आलं, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस ही मंचुरियनची चौकट. 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी पहिलं चिकन मंचुरियन केलं, असं सांगतात. तिथून ते गावोगावच्या गाड्यांवर पोचलं. गाड्यावरचे गोळे मात्र कढईभर तेलात तळलेले असतात. इथे वीस-बावीस गोळ्यांना दोन छोटे चमचे तेल पुरतं.

एअर फ्रायर म्हणजे वर तापणारी कॉइल आणि गरम वारा फिरवणारा पंखा. हा वारा गोळ्याला बाहेरून खरपूस करतो, तसा आतला ओलावाही ओढून नेतो. म्हणून सगळी मेहनत गोळ्यात पाणी धरून ठेवण्यासाठी करायची. त्यासाठी ब्रेडचा चुरा नको, घरातलं ज्वारीचं पीठ पुरे.

साहित्य (चार जणांसाठी, मोठा चमचा 15 मिलीचा, छोटा 5 मिलीचा)

गोळ्यांसाठी:
- चिकन खिमा 500 ग्रॅम
- ज्वारीचं पीठ 2 मोठे चमचे, पाणी 5 मोठे चमचे
- आलं 1 इंच, लसूण 6-7 पाकळ्या, हिरव्या मिरच्या 2
- पातीचा कांदा 4 काड्या
- सोया सॉस 1 मोठा चमचा
- मीठ अर्धा छोटा चमचा, मिरेपूड अर्धा छोटा चमचा
- तीळ 2 मोठे चमचे
- तेल 2 छोटे चमचे

वरच्या सॉससाठी:
- सोया सॉस 1 मोठा चमचा
- किसलेला गूळ 1 मोठा चमचा
- लाल तिखट अर्धा छोटा चमचा
- लसूण 3 पाकळ्या, बारीक चिरून
- ज्वारीचं पीठ 1 छोटा चमचा, पाणी 6 मोठे चमचे
- अर्ध्या लिंबाचा रस

आधीची तयारी

खिमा घेताना छातीचं मांस नको, लेगपीसचं बोनलेस मागा. त्यात चरबी थोडी जास्त असते, गोळा मऊ राहतो. दुकानात मशीन नसेल तर मांसाचे तुकडे घरी आणून अर्धा तास फ्रीजरमध्ये टाका आणि मिक्सरमध्ये थांबून-थांबून फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि खिम्याची चिकट पेस्ट होते. खिमा धुऊ नका. तो पाणी पितो आणि कच्च्या मांसाचे शिंतोडे ओटाभर उडतात. तुकडे धुवायचेच असतील तर खिमा करण्याआधी हळू धारेखाली धुवून पुरते निथळा, मग ओटा आणि हात साबणानं धुवा. परभणीच्या उन्हाळ्यात दुकानातून घरी येईपर्यंतही मांस तापतं. बर्फ घातलेल्या डब्यातून आणा आणि थेट फ्रीजमध्ये ठेवा.

एअर फ्रायर बहुधा 1400-1500 वॅटचा असतो, म्हणजे सहा-साडेसहा अँपिअर वीज ओढतो. मोबाइल चार्जरच्या 6 अँपिअरच्या छोट्या प्लगवर तो लावू नका, 16 अँपिअरचा पॉवर प्लग हवा. घरगुती इन्व्हर्टरलाही हा भार सहसा झेपत नाही, त्यामुळे लाइटची वेळ बघूनच गोळे वळायला घ्या. बिलाची धास्ती नको: 1400 वॅटचं यंत्र अर्धा तास सलग चाललं, तरी 0.7 युनिट होतं.

कृती

1. उकड करा. छोट्या कढईत 2 चमचे ज्वारीचं पीठ 5 चमचे थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. मंद आचेवर हलवत राहा. मिनिट-दोन मिनिटांत ते घट्ट होऊन कढईच्या कडा सोडेल. पिठाची विरी गेली की भाकरीसाठी आपण आधणाचं पाणी घेतो, तोच हा न्याय. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यात पीठ फुलतं तेव्हाच ते पाणी धरून ठेवतं. कच्चं पीठ खिम्यात टाकलं तर गोळा बसका आणि पिठूळ होतो. उकड पूर्ण गार होऊ द्या.

2. तीळ भाजा. जाड तव्यावर मंद आचेवर तडतडून बदामी होईपर्यंत भाजा. अर्धे खलबत्त्यात जाडसर कुटा, अर्धे तसेच ठेवा. चिनी स्वयंपाकातलं तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं, आपल्याकडे घाण्यावर मिळतं ते बहुधा कच्च्या तिळांचं. तो खमंग वास हवा असेल तर भाजलेले तीळ कुटूनच घालावे लागतात.

3. खिमा मळा. थंड खिम्यात आधी फक्त मीठ आणि सोया सॉस घाला आणि हातानं एकाच दिशेनं दोन-तीन मिनिटं मळा. मिठानं मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात. खिमा परातीला चिकटू लागला, बोटांना तार आली, की झालं. अंड्याची गरज पडत नाही.

4. बाकीचं मिसळा. आलं-लसूण-मिरची जाडसर ठेचून, पातीचा कांदा बारीक चिरून, कुटलेले तीळ, मिरेपूड आणि गार उकड घाला. आता मळू नका, नुसतं एकजीव करा. थोडी हिरवी पात वरून घालायला राखून ठेवा.

5. चव बघा. छोटी टिकली थापून तव्यावर दोन्ही बाजूंनी पूर्ण शिजवा आणि खाऊन पाहा. मीठ-तिखट सुधारायची संधी हीच.

6. थंड करा, वळा. मिश्रण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. हाताला पाणी लावून लहान लिंबाएवढे, साधारण 28 ग्रॅमचे गोळे हलक्या हातानं वळा. दाबून वळलेला गोळा टणक होतो.

7. भाजा. एअर फ्रायर 180 अंशांवर तीन मिनिटं तापवा. गोळ्यांना तेलाचं बोट फिरवा. गोळे एकमेकांना न टेकता एका थरात मांडा, चार लिटरच्या टोपलीत एका वेळी दहा-अकरा बसतात. दाटी केली तर वारा फिरत नाही आणि गोळे भाजण्याऐवजी वाफवले जातात. सहा मिनिटांनी उलटा, पुन्हा चार ते सहा मिनिटं ठेवा.

8. शिजले का ते तपासा. रंगावर विसंबू नका. सोया सॉसमुळे गोळा कच्चा असतानाच तपकिरी दिसतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सर्वांत मोठ्या गोळ्याच्या मध्यभागी 74 अंश सेल्सिअस दिसायला हवेत. नसेल तर तो गोळा फोडा: आत गुलाबी भाग नको आणि रस स्वच्छ हवा. शंका वाटली तर आणखी दोन मिनिटं.

9. सॉस करा. दुसरा घाणा आत असताना कढईत उरलेल्या थोड्या तेलावर लसूण परता. लाल तिखट घालून लगेच सोया सॉस, गूळ आणि पाण्यात कालवलेलं पीठ ओता. उकळी येऊन चमच्याला लेप बसला की आच बंद करा, मग लिंबू पिळा. गोळे त्यात घोळवून पुन्हा 180 अंशांवर दोन मिनिटं ठेवले की वरून चकाकी येते. त्याहून जास्त नको, गूळ करपतो. उरलेले तीळ आणि पात भुरभुरवा.

मिठाचा हिशेब

तेल वाचलं म्हणून पदार्थ लगेच आरोग्याचा होत नाही. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून अधिक मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते. या कृतीत माणशी जवळपास 2 ग्रॅम पोटात जातं. म्हणून बाटली हात राखून वापरा आणि सोबत लोणचं-पापड न घेता काकडी, गाजर, लिंबाची फोड घ्या. रक्तदाब असणाऱ्यांनी वरचा सॉस सोडून नुसते गोळे खावेत. भातापेक्षा ज्वारीच्या भाकरीबरोबर ते अधिक चांगले लागतात.

माळकऱ्यांसाठी

मटण-चिकन अंगणातल्या वेगळ्या चुलीवर करण्याची रीत मराठवाड्यात अनेक घरांत आहे. यंत्र मात्र एकच असतं. घरात माळकरी असतील तर त्यांचे गोळे आधी भाजा. झरीच्या आसपासच्या शिवारात सोयाबीन उदंड, तेव्हा खिम्याऐवजी 1 वाटी सोया ग्रॅन्यूल कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळा, एक उकडलेला बटाटा किसून घाला आणि पायरी 3 मधलं मळणं सोडून बाकी कृती तशीच करा. हे गोळे आतून आधीच शिजलेले असल्यामुळे 180 अंशांवर दहा मिनिटं पुरतात.

साठवण

भाजलेले गोळे, सॉस न लावता, फ्रीजमध्ये दोन दिवस चांगले राहतात. परत गरम करताना 160 अंशांवर चार-पाच मिनिटं ठेवा आणि त्याआधी पाण्याचा हलका हबका मारा. लाइट जास्त वेळ जाणार असेल तर साठवण करूच नका. लागतील तेवढेच वळा.