मतदानासाठी परदेशातून येताय? आधी नोंदणी, मग तिकीट

भारतीय नागरिकत्व कायम ठेवून दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला लोकसभेला आणि विधानसभेला मतदान करता येते. २०१० च्या कायदादुरुस्तीने हा हक्क दिला. मात्र त्यासाठी स्वतः आपल्या मतदान केंद्रावर हजर राहावे लागते. नोकरी-शिक्षणासाठी बाहेर असलेल्यांना टपाली किंवा ऑनलाइन मतदानाची सोय नाही. त्यामुळे खरा खर्च प्रवासाचाच आहे.

नोंदणी : शुल्क नाही

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर ‘नमुना ६ अ’ भरा. फोटो, पासपोर्टची आवश्यक पाने आणि व्हिसाची प्रत जोडा. पासपोर्टवर भारतातला जो पत्ता आहे, त्या मतदारसंघात नाव लागते. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) पडताळणीसाठी त्या घरी जातात, त्यामुळे घरच्यांना आधी कल्पना द्या. पूर्वीची मतदार नोंद असल्यास ती अर्जात दाखवा. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. या कामासाठी एजंटला पैसे देण्याची गरज नाही.

दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्यांना हा हक्क नाही. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डावर मतदान करता येत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोवेकरांनाही हाच नियम लागू आहे.

तिकिटासाठी किती दिवस मिळतात?

२०२४ ची लोकसभा निवडणूक १६ मार्चला जाहीर झाली. तिथपासून मतदानापर्यंत मिळालेला अवधी असा होता :

- नागपूर, १९ एप्रिल : ३४ दिवस
- पुणे, १३ मे : ५८ दिवस
- मुंबई, २० मे : ६५ दिवस

त्याच वर्षीची विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले. म्हणजे ३६ दिवस. तेव्हा साधारण पाच आठवडे हाती आहेत असे धरून रजा आणि पैशांची तजवीज करा.

उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवे नाव घालता येत नाही. २०२४ च्या लोकसभेला मुंबईत ही मुदत ३ मे रोजी संपली. अर्जाच्या छाननीला वेळ लागतो, त्यामुळे निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका.

खर्च कुठे वाचतो?

अंदाजाने आधीच तिकीट काढू नका. एकाच राज्यात मतदानाच्या तारखांत महिन्याचा फरक पडू शकतो. वेळापत्रक जाहीर होताच आपला टप्पा पाहून त्याच दिवशी आरक्षण करा. एप्रिल-मे हा शाळांच्या सुट्ट्यांचा काळ असल्याने रेल्वे लवकर भरते आणि विमानभाडे चढते. थोडे जास्त पैसे पडले तरी तारीख बदलता येणारे तिकीट घ्या, कारण मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराचे निधन झाल्यास त्या मतदारसंघातले मतदान पुढे ढकलले जाऊ शकते. मतदानाच्या दोन दिवस आधी पोहोचाल अशी आखणी ठेवा.

निघण्यापूर्वी

यादीत नाव, भाग क्रमांक आणि केंद्र तपासा. परदेशस्थ मतदाराला मतदार ओळखपत्र मिळत नाही. केंद्रावर मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो, छायाप्रत चालत नाही.

सध्याच्या लोकसभेची मुदत जून २०२९ मध्ये आणि महाराष्ट्र विधानसभेची डिसेंबर २०२९ मध्ये संपते. तिकिटाला अवकाश आहे, नोंदणीला नाही. फुकट होणारे हे काम याच आठवड्यात उरका.