शिकवावयास शिकलेला शास्त्रज्ञ

विद्या आपल्या अंगी असणे निराळे आणि ती दुसऱ्याच्या मनात उतरविता येणे निराळे. ही दुसरी कला साध्य होण्यास स्वतंत्र कष्ट करावे लागतात. विद्युत्शास्त्रात अमर झालेल्या मायकेल फॅरडेने ते कसे केले, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

फॅरडेचा जन्म १७९१ साली इंग्लंडमध्ये लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी झाला. शाळेत त्याला लिहिणे, वाचणे व थोडे अंकगणित एवढेच शिकावयास मिळाले. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीस राहिला. बांधावयास आलेली पुस्तके वाचता वाचता त्यास विज्ञानाची गोडी लागली. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्यास सर हंफ्री डेव्ही या विख्यात रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने ती व्याख्याने टिपून घेतली, स्वच्छ अक्षरात लिहून काढली, त्यांचे पुस्तक बांधले आणि डेव्हींकडे पाठविले. दुसऱ्याच वर्षी लंडनच्या ‘रॉयल इन्स्टिट्यूशन’ या संस्थेत त्यास सहायकाची जागा मिळाली.

व्याख्यात्यांना प्रयोगात मदत करणे हे तेथे त्याचे एक काम होते. ते करीत असता तो विज्ञान तर शिकेच, पण व्याख्याता कसा बोलतो व श्रोत्यांचे लक्ष केव्हा उडते, हेही न्याहाळीत असे. व्याख्यात्याने सावकाश बोलावे, श्रोत्यांकडे पाठ फिरवू नये, एका तासापेक्षा अधिक वेळ घेऊ नये, असे विचार त्याने १८१३ साली एका मित्रास पत्राने कळविले. त्या वेळी त्याने स्वतः एकही व्याख्यान दिलेले नव्हते!

ती संधी १८१६ साली आली. परस्परांना विज्ञान शिकविणाऱ्या लंडनमधील एका लहानशा मंडळात त्याने पहिले व्याख्यान दिले. केवळ नियम ठाऊक असल्याने वाणी वश होत नाही, हे तो जाणून होता. म्हणून आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून फी देऊन त्याने वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे धडे घेतले. आपले दोष टिपून घेण्यासाठी त्याने एका मित्रास श्रोत्यांत बसविले. बोलण्याच्या भरात त्याची गती वाढे. तेव्हा ‘सावकाश’ असे लिहिलेले कार्ड सहायकाने त्याच्यासमोर ठेवावे, अशी त्याची आज्ञा होती. तास संपत आला म्हणजे ‘वेळ’ असे लिहिलेले दुसरे कार्ड पुढे येई.

श्रोत्यांना एखादी गोष्ट ठाऊक असेलच, असे त्याने कधी गृहीत धरले नाही. हातातून सोडलेला दगड खाली पडतो, एवढे सांगावयाचे असले तरी प्रत्यक्ष दगड सोडून दाखवावा, असे त्याचे मत होते. कानाबरोबर डोळ्यांनाही शिकविले पाहिजे, हे त्याच्या अध्यापनाचे सूत्र होते.

याचे फळ मुलांना मिळाले. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळाच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने देण्याची प्रथा १८२५ साली सुरू झाली. फॅरडेने अशा एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. १८६०-६१ च्या शेवटच्या मालेत त्याने साधी मेणबत्ती हाती घेतली. काचेच्या नळीने ज्योतीच्या मध्यातील वाफ बाहेर आणून त्याने ती नळीच्या दुसऱ्या टोकाशी पेटविली. ज्योतीवर बर्फाने थंड केलेले भांडे धरून त्याच्या तळाशी जमणारे पाण्याचे थेंब दाखविले. जळत्या मेणबत्तीतून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड आपल्या उच्छ्वासातही असतो, हे सांगून त्याने ज्योतीचे नाते थेट प्राण्यांच्या जीवनाशी जोडले. ही व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

१८३१ साली विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावून जगप्रसिद्ध झालेला हा पुरुष उतारवयातही मुलांसाठी इतका खपत असे. जो अखेरपर्यंत विद्यार्थी राहतो तोच उत्तम शिक्षक होतो, हे फॅरडेच्या चरित्रावरून दिसून येते.