आधी शिष्य, मग शिक्षक
शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २:१-११

पेन्टेकॉस्टच्या दिवशी जमलेल्यांना सुवार्ता आपापल्या बोलीत कळली. पुढील सेवकांना मात्र परक्या बोली कष्टानेच शिकाव्या लागल्या.

अमेरिकेत जॉन इलियट आल्गॉन्कियन कुळातील एक भाषा तेथील मूळ रहिवाशांजवळ बसून शिकले. १६६३ मध्ये त्यांनी तिच्यात संपूर्ण पवित्र शास्त्र छापविले व १६६६ मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे ती भाषा कोणी बोलेनासे झाले. परंतु १९९३ पासून त्या लोकांचे वंशज याच शास्त्राच्या आधारे ती पुन्हा शिकू लागले.

आपल्या मराठीचे व्याकरण डॉ. विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले व १८१० मध्ये कोश काढला. पंडित वैजनाथ यांचे त्यांना मोठे साहाय्य झाले. म्हणजे उपदेशक आधी शिष्य झाला.

उज्जैनमध्ये आपली मुले घरी मराठी, बाहेर हिंदी व माळवी बोलतात. शब्बाथशाळेत ती वचन घडाघडा म्हणतात, पण अर्थ विचारताच गप्प होतात. आम्ही मुलांना दोष देत आलो. दोष आमचाच होता.

शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या रविवारी पाठातील पाच अवघड शब्द घ्या. त्यांना मुले काय म्हणतात ते विचारून वहीत लिहा. मगच पाठ सांगा.