डेपोत न शिकवलेलं

पोरी, कंडक्टर झालीस, तर तिकिटाचं मशीन आणि वेबिल कसं सांभाळायचं ते डेपोत शिकवतील. डोकं कसं सांभाळायचं ते कुणी शिकवत नाही, म्हणून सांगतो.

पहिलं भांडण सुट्ट्या पैशांवरून होईल, दुसरं ओळखपत्रावरून. २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना एसटीत तिकीट नाही. पण पुरावा मागितला की आजोबांना वाटतं, ही कालची पोर मला खोटं ठरवतेय. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. त्यावरून एखादा बाप्या तुलाच टोमणा मारेल, जणू नियम तूच काढलास. अंगावर खाकी आहे म्हणून हा राग तुझ्या वाट्याला येतो, एवढं आधीच पक्कं असलं की निम्मा मार वाचतो. आवाज चढवू नकोस, पण तोंडावर हसूही चिकटवून ठेवू नकोस. आत धुमसत असताना वरून हसत राहणारा माणूस लवकर थकतो. कोरडं बोलावं: ‘कार्ड दाखवा, नाहीतर तिकीट घ्या.’ आणि पुढच्या सीटकडे वळावं. तिथल्यानं तुझं काही बिघडवलेलं नसतं. मागच्याचं बिल त्याच्या नावावर फाडू नकोस.

खरी गोची फेरी संपल्यावर. कॅन्टीनमध्ये सगळे म्हणतील, ‘सांग, मन मोकळं कर.’ एकदा सांग, एखादीलाच सांग. तोच किस्सा चौथ्यांदा तिखटमीठ लावून सांगितलास तर राग निवत नाही, चढतो. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं २००२ मध्ये हे तपासलं. चिडवणाऱ्याला डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक, नुसते बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. आमच्याकडे बॅग नव्हती, शिव्यांवर भागायचं, परिणाम तोच.

भरणा कमी आला तर मुक्कामी गाडीत रात्रभर आकडे घोळवू नकोस. सकाळी कुणाला भेटायचं, काय विचारायचं, ते चिठ्ठीवर लिही. प्रश्न सुटलेला नसतो, पण पुढचं पाऊल ठरलं की मन तगादा लावायचं थांबतं.

हे सगळं माणसांच्या तिरसटपणापुरतं हं. सलग डबल ड्यूटी लागली, मुक्कामाच्या खोलीला कडी नसली, तर मन शांत करत बसायचं नाही. लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, युनियनचं माणूस बरोबर न्यायचं. आणि कुणी अंगाला हात लावला तर ड्रायव्हरला गाडी थेट पोलीस ठाण्यात घ्यायला सांग. उशीर झाला म्हणून प्रवासी कुरकुरतील, कुरकुरू देत.